सीतादहीच्या दुसऱ्या दिवशी

धामणगाव बढ्याच्या शिवारात वेचून घरी नेलेला कापूस माणसांनी पुन्हा पऱ्हाटीला लावला, तोही उन्हं कलायच्या आत, हे कोणी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. त्या गावात आजवर असल्या गोष्टी सांगणाऱ्यांत निम्मे महादेवराव होते आणि उरलेल्या निम्म्यांनी त्या महादेवरावांकडूनच ऐकलेल्या होत्या. पण त्या दिवशी वावरात नव्वद माणसं होती, त्यातली साठ मुंबईची, आणि मुंबईची माणसं फुकट खोटं बोलत नाहीत.

झालं असं की अनुपमा पहाटेच मलकापूरच्या लॉजवरून निघाली. गाडीत तिनं चार फोन केले, तीन घेतले आणि एका माणसाला तेरा गाड्या कुठे लावायच्या ते दोनदा समजावलं. सहा वाजता वावराच्या तोंडाशी पाय खाली ठेवला, तर तिला वाटलं, ड्रायव्हरनं भलत्याच वावरात आणलं. पण कडूलिंब तोच होता. विहीर तीच होती. मधला धुराही, दोन तुकड्यांमधला बांध, तोच. धुऱ्याच्या अलीकडे तिच्या बाबांचा दीड एकराचा तुकडा, पलीकडे छायाकाकूचा दीड एकर. परवापर्यंत दोन्ही तुकडे फुटून पांढरेशुभ्र झाले होते. आता तिथं नुसती हिरवी-तपकिरी पऱ्हाटी उभी होती आणि एकेका झाडावर रिकाम्या बोंडांच्या वाळक्या वाट्या आभाळाकडे तोंड करून वाट पाहत होत्या.

कापूस नव्हता. एका बोंडात नव्हता.

अनुपमा धुऱ्यावरून चालत टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिच्या हातातला वॉकीटॉकी विचारत होता, मॅडम, कॅमेरा उतरवू का. तिनं त्याचं बटण बंद केलं.

तिचं काम काय, हे गावाला आठ महिन्यांत नीट कळलं नव्हतं. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर हा शब्द तिच्या आईनं, सुभद्राबाईंनी, गल्लीत आपल्या पद्धतीनं फोडून सांगितला होता. "पाय व, लग्नात एक मानूस असते. नवरदेव नाही, नवरी नाही, पत्रिकेत नाव नाही. पन मीठ सरलं, मांडव पडला, भटजी रुसला, तरी समदे त्यालेच इचारतात. तसं हाये आमच्या अनूचं." अनुपमाला ही व्याख्या इतकी पटली होती की मुंबईत एका मीटिंगमध्ये तिनं ती स्वतःची म्हणून वापरली होती.

आणि आज मीठच सरलं होतं. मालिका दोन भावांची, मध्ये धुरा आणि दोन्हीकडे पांढरं रान. दिग्दर्शक ऋत्विकनं सगळ्या महाराष्ट्रातली तेवीस वावरं नाकारून हे एक पसंत केलं होतं. वावर घरचं निघालं म्हणून अनुपमा तेव्हा खूश झाली होती. एवढंच नाही, तर अकरा वर्षांपूर्वी धुऱ्यावरून झालेल्या जमिनीच्या मोजणीपासून ज्या काकूनं या घराचा उंबरा चढला नव्हता, तिच्याकडे जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन, अनुपमानं तिची सही आणली होती. "तुह्या शब्दावर करतो व," काकू म्हणाली होती. "दुसऱ्या कोनाच्या नाही."

साडेसहाला तिचे बाबा, महादेवराव, स्कुटीवरून आले. त्यांनी वावर पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि थेट कडूलिंबाशी बोलायला लागले, कारण पलीकडून छायाकाकू येताना त्यांना दिसली होती. लहान भावाच्या बायकोशी भासऱ्यानं समोरासमोर बोलायचं नसतं, आणि मोजणीनंतर तर दोघांनी झाडाशिवाय दुसरा मध्यस्थ ठेवलाच नव्हता.

"पाय बाप्पा लिंबा," महादेवराव म्हणाले. "काही लोकायले दुसऱ्याच्या पोरीचं बरं झालेलं पाहवत नाही. दोन दिवस कळ निघाली नाही त्याहिले."

"त्या लिंबाले म्हना," छायाकाकू पलीकडून म्हणाली, "का दोन्हीकडचं रान सारखंच बोडकं हाये. माह्या आंगात रातून भूत शिरलं असंन, अन् त्या भुतानं तुमचंबी वेचून देल्लं असंन, फुकटात."

"कापूस कुठं हाये ते इचार बे लिंबा तिले."

"तुमच्याच घरात. वसरीत. कापसानं भरलेल्या चुंगड्या मोजून घ्या."

महादेवराव गप्प झाले. हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा घडत नसे, म्हणून अनुपमानं वळून पाहिलं. ते कालपासून धाड गावी, साडूकडे होते. घरी जायच्या आधी सरळ वावरातच आले होते.

"काकू," अनुपमा म्हणाली, "कोणी वेचला?"

"तुह्या मायनं. म्या. अन् गावच्या सव्वीस बायाइनं."

"काऊन?" मुंबईत तेरा वर्षं काढून हा शब्द तिच्या तोंडात जसाच्या तसा होता. "काऊन पण? सांगितलं होतं ना, बोंडाला हात लावू नका म्हणून? मी पन्नास वेळा सांगितलं."

सुभद्राबाई मागून आल्या. डोक्यावर टोपलं, टोपल्यात युनिटसाठी आणलेल्या भाकरी. टोपलं खाली ठेवून त्यांनी आधी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ब्लाऊजमधून मोबाइल काढला. सुभद्राबाई फोन नेहमी स्पीकरवरच ऐकत, कारण कानाला लावला की आपला आवाज समोरच्याला जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

मोबाइलमधून अनुपमाचाच आवाज आला, घाईतला, मागं हॉर्न वाजत असलेला. "आई, उद्या सकाळी सीतादही करून ठेवा वावरात आणि मला व्हिडिओ पाठवा. ऋत्विकला बघायचीय, परवा नट्यांकडून करून घ्यायचीय. आणि ऐक, नाटकी नको. अगदी खरी करा. दरवर्षी करता तशी."

आवाज थांबला.

"तशी केली," सुभद्राबाई म्हणाल्या. "छायेच्या दारात गेलो मी. खरी करायची तं दोन्ही वावरायची एक पूजा पायजे. तिनं दही आनलं, म्या भात. पाच खडे मांडले, पऱ्हाटीले कुकू लावलं, दहीभात शिंपला. तुले व्हिडिओ पाठवला, तू आंगठा पाठवला. मंग बायाइनं कमरेले ओटी बांधली." त्या थांबल्या. यापुढचं सांगायचीही गरज नाही असं त्यांना वाटत होतं. "सीतादही झाल्यावर बाई रिकाम्या ओटीनं घरी येते काय व?"

येत नाही. हे अनुपमाला माहीत होतं. पहिल्या वेच्याच्या दिवशी ती स्वतः, सात-आठ वर्षांची, फ्रॉकला टॉवेल बांधून या तासांमधून, पऱ्हाटीच्या ओळींमधून, फिरली होती. दहीभात उडाला की पहिलं बोंड घरातल्या लहानीनं तोडायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत कोणी थांबत नसे. शूटिंगच्या कागदावर तिनं "सीतादही, तालीम" असं लिहिलं होतं. पण तालीम हा शब्द तिनं फोनवर उच्चारला नव्हता. उच्चारला असता, तरी देवीची तालीम कशी करतात हे त्या अठ्ठावीस बायांपैकी एकीलाही कळलं नसतं.

"अकरा वर्सांनं एका ओळीत वेचलं आमी दोघीनं," छायाकाकू म्हणाली. ती हे अनुपमाला सांगत नव्हती, कोणालाच सांगत नव्हती. "अंधार पडला ते समजलंच नाही."

तेवढ्यात ऋत्विक आला. एकोणतीस वर्षांचा, गळ्यात दोन चष्मे. त्यानं वावर पाहिलं आणि तो पहिल्याच ढेकळावर बसला. "अनुपमा, राखी येतेय आज."

"माहितीय."

"साडेतीनला."

"ऋत्विक, मला माहितीय."

राखी म्हणजे कंपनीची माणूस, या मालिकेवर नेमलेली. ती मुंबईहून संभाजीनगरपर्यंत विमानानं, पुढे गाडीनं येणार होती, पहिला दिवस कसा जातोय ते पाहायला. आणि पहिला दिवस कसा जातोय, ते तिच्या पायाशी पसरलं होतं. अनुपमाला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती चालत होती, मोजत होती. दुसरं वावर? आसपासची सगळी वेचलेली. उद्यावर ढकलावं? उद्या नट मुंबईत. संगणकावर पांढरं करावं? तीन आठवडे आणि वर परवानगी.

"मेडिकलमधून कापूस आणू," ऋत्विक म्हणाला. "सगळ्या मलकापूरचा."

मागून कोणीतरी हसलं. नजीरचाचा होते, गावातले गादीवाले. युनिटच्या गाद्या-उशा त्यांनी पुरवल्या होत्या आणि राहिलेल्या द्यायला छोट्या टेम्पोतून आले होते. त्यांच्या घरात चार पिढ्या पिंजणावर गेल्या. कापूस त्यांना दुरून ओळखू येई, काही लोकांना घोडा ओळखू येतो तसा.

"बेटा, दवाखान्याचा कापूस उन्हात चमकते," ते म्हणाले. "वजन नाही त्याले. वारा आला का उडून जाईन अजिंठ्यापर्यंत. सरकीवाला पायजे, घरचा. बोंडाची वाटी तं शाबूत हाये. जे काढलं ते घाला वापस."

"वापस?" महादेवराव म्हणाले. जन्मभर अचाट गोष्टी सांगणाऱ्या माणसाला कोणीतरी पुढे गेल्यासारखं वाटलं.

"मैद्याची खळ करा, पातळ. बोटाले थोडी लावा, एक फोड ठेवा, दाबू नका. दाबलं का मेलं. मी दाखवतो."

अनुपमानं ऋत्विकला हाताला धरून उठवलं. "कॅमेरा कुठं?"

"धुऱ्यावर."

"किती खाली येईल?"

"ढेकळापर्यंत."

"मग पुढचं पांढरं मागचं झाकेल. दोन्हीकडे पंधरा-पंधरा तास, चाळीस पावलं लांब. बरोबर?" ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. तासाला पन्नास झाडं, झाडाला आठ बोंडं. "बारा हजार. साठ आपण, अठ्ठावीस बाया, वर घरचे. माणशी सव्वाशेच्या वर. साडेतीनच्या आत."

आणि ती पळाली.

पुढचे आठ तास धामणगावानं जे पाहिलं ते गाव अजून एकमेकांना सांगतं आणि दर वेळी बोंडांचा आकडा वाढतो. वसरीतल्या चुंगड्या ट्रॅक्टरवर चढून परत वावरात आल्या. खळीचं पातेलं विहिरीजवळ रटरटत होतं. लाइटवाले, मेकअपच्या पोरी, ज्यांचं काम नुसतं छत्री धरायचं असे दोन जण, सगळे तासांत उकिडवे बसले होते आणि बायका त्यांना शिकवत होत्या.

"ए दादा, उलटं लावलं. सरकी खाली जाते."

"कशी खाली?"

"पोरगं कसं पाळन्यात ठेवता? डोकं कुठं ठेवता? तसं."

"मला पोरगं नाहीये, ताई."

"मंग हे शिक, कामी येईन."

पुष्पाबाई नावाच्या एक म्हातारबाई चाळीस वर्षं या दोन वावरांत वेचायला येत होत्या. त्या एकटक आपल्या बोटांकडे पाहत म्हणाल्या, "सारी जिंदगी काढत आलो. हे घालनं काही हाताले येत नाही बाई." तरी दुपारपर्यंत त्यांनी तीनशे बोंडं भरली.

अनुपमा एका जागी ठरत नव्हती. ती या तासातून त्या तासात जाई, दोन बोंडं लावी, उठे, घड्याळ पाही, फोन घेई. नटाला लॉजवर आणखी दोन तास थांबायला लाव. जेवण तिथंच वावरात आण. जनरेटरवाल्या कामरानला सांग, गाडी धुऱ्यापासून लांब घे, धुरानं कापूस काळा पडेल. वाळक्या बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. एकदा ती आईच्या आणि काकूच्या मधल्या तासात पोचली तर दोघी कशाला तरी हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तिला पाहून थांबल्या नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही व," काकू म्हणाली. "तुहे बाबा तिकडं मुंबईच्या पोरायले सांगून राह्यले का हे दरसाली करते म्हने आमचं गाव. जास्त पिकलं का परत लावून ठेवते."

"अन् त्यायनं लिहून घेतलं," सुभद्राबाई म्हणाल्या.

बोलता बोलता काकूनं पदरानं अनुपमाच्या बोटावरचं रक्त टिपलं आणि खळीचा हात लागला म्हणून पदर झटकला. अनुपमा पुढच्या तासाकडे वळली. तिला वाटलं, निभावतंय.

निभावलं. तीन वाजून वीस मिनिटांनी ऋत्विकनं पोटावर पडून पाहिलं आणि हाताचा अंगठा वर केला. साडेतीनला राखीची पांढरी गाडी आली. चारला नट तासांत उतरले. सव्वाचारचं तिरपं ऊन पांढऱ्यावर पडलं, आणि मॉनिटरवर दोन भाऊ आपापल्या रानात एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले तेव्हा राखी नुसतं "अच्छा" म्हणाली. ती फारसं काही म्हणणारी नव्हती. युनिटला तेवढं पुरलं.

मग ती वळली. "सुंदर आहे. पण सकाळची शिफ्ट कुठे गेली?"

ती मूळची पुण्याची. चेहऱ्यावर थकवा होता, दुष्टपणा नव्हता. गुडघ्यावर टॅब ठेवून ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. भोवती अर्धं युनिट, बाया, नजीरचाचा, घरचे सगळे. कोणाला हलवायचं तिला सुचलं नाही, अनुपमालाही नाही.

"सहा ते चार एकही शॉट नाही. मला आज कारण टाकावं लागेल. दोनच रकाने आहेत, अनुपमा, तुला माहीत आहे. प्रॉडक्शनची चूक किंवा बाहेरचा अडथळा."

"हो."

"प्रॉडक्शनची असेल तर जानेवारीच्या शेड्यूलला वरचे लोक तुझ्या जागी दुसरा ईपी बसवायला सांगतील. मी भांडेन, पण सांगतील. आणि बाहेरचा अडथळा असेल तर त्या माणसाची जागा लोकेशनच्या यादीतून जाते, बाकी काही नाही. तूच सांग."

अनुपमानं तोंड उघडायच्या आत महादेवराव पुढे सरसावले. लेकीची बाजू सावरायला त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं आणि ते त्यांनी काढलं.

"मॅडम, मी सांगतो. आमच्याकडं कार्तिकात वावटळ येते, भुईतून उठते. काल आली. म्या या डोळ्यानं पायलं. ह्या तुकड्यातून शिरली अन् एकेक बोंड चाटून पुसून घेऊन गेली. पांढरा खांब उभा राह्यला आभायात, मलकापूरच्या फाटकापर्यंत दिसला. आगगाडी थांबवली त्याहिनं."

बाया पदराआड हसल्या. राखीही हसली, खरोखर. "छान सांगता हो काका." आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं ती अनुपमाकडे वळली. "खरं काय झालं?"

अनुपमाच्या हातावर खळ वाळून पांढरी पडली होती. ती नखानं खरवडत होती. तेरा वर्षं. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या चहाचे हिशेब ठेवत होती, मग गाड्या, मग माणसं, आणि आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पडद्यावर पाच सेकंद राहणारं नाव. तो रकाना तिनं आजवर कितीतरी वेळा भरला होता. कधी ट्रक आडवा आला, कधी कोणी गावकरी. त्या गावकऱ्यांपैकी कोणाचा चेहरा तिला आठवत नव्हता, आणि त्यातल्या कोणाचंच त्या एका ओळीनं काही बिघडलं नसावं, असं ती धरून चालली होती. जागा यादीतून जाते. बाकी काही नाही.

"पलीकडचा तुकडा दुसऱ्या मालकीचा आहे," ती म्हणाली. तिची मराठी एकदम स्वच्छ झाली, पुण्याला चालेल अशी. "त्यांच्याशी करार होता. त्यांनी काल आम्हाला न विचारता वेचणी काढली. आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडचीही वेचली गेली."

"मालकाचं नाव?"

"छाया..." ती थांबली. आडनाव तिचंच होतं.

खळीचं पातेलं धुवायला निघालेली छायाकाकू विहिरीच्या वाटेवर उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं नाही. फक्त धुऱ्याच्या अलीकडे होती ती दोन पावलं मागे सरून पलीकडे गेली. सुभद्राबाईंनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मोबाइल ब्लाऊजमध्ये ठेवून दिला.

राखीचं बोट टॅबवर चालायला लागलं.

"मॅडम," महादेवराव म्हणाले. ते कडूलिंबाकडे पाहत नव्हते, धुऱ्यापलीकडे सरळ छायाकाकूच्या तोंडाकडे पाहत होते. "लिहू नका ते. वावटळीचं म्या खोटं सांगतलं, ते जाऊ द्या. पन माही पोरगी खोटं बोलून राह्यली."